स्तोयांकाचं सोंग

आमच्या लेस्कोवात्स गावात आजारी असणं वेगळं आणि आजारी दिसणं वेगळं. असायला काय, कुणीही असतं. दिसायला मात्र अंगात कला लागते, आणि ती कला आमच्या गल्लीत ब्लागोयेइतकी कुणाच्याच अंगात नव्हती. सैन्यात जायची वेळ आली तेव्हा त्याचा गुडघा वाकेना. मेडिकल बोर्डाने त्याला माघारी पाठवलं आणि त्याच संध्याकाळी तो गुडघा चुलतबहिणीच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचला. पुढे कापडगिरणी डबघाईला आली, माणसं काढायला लागले, तेव्हा त्याची कंबर गेली. ती अशी गेली की ऐन चाळिशीत त्याला अपंगाची पेन्शन बसली. तेव्हापासून हा अपंग माणूस गावाबाहेरचा आपला द्राक्षमळा स्वतः खणतो, दारूची पिंपं तळघरात उतरवतो, आणि रस्त्यात बोर्डाचे डॉक्टर दिसले की एक हात कमरेवर ठेवतो. आता तर डॉक्टर नसले तरी तो हात आपसूक तिथे जातो.

गल्लीला याची लाज वाटत असेल असं कुणाला वाटेल. छे. गल्ली त्याच्याकडे सल्ल्याला जायची. कुणाचा कान, कुणाचं डोकं, कुणाचे भास, सगळं ब्लागोयेने बसवून दिलेलं. नाटक बसवावं तसं.

त्याची वहिनी स्तोयांका त्याच गिरणीत मागावर होती, आणि तिचा हात खरोखरच यंत्रात सापडला होता. उजव्या हाताची दोन बोटं चेमटली ती कायमची. बोर्डासमोर गेली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काम करता येतं?"

"करतेय की," स्तोयांका म्हणाली.

"दुखतं?"

"दुखलं तर दुखलं."

झालं. बोर्डाने तिला ठणठणीत ठरवून मागावर परत पाठवलं. बाहेर बाकावर ब्लागोये बसला होता. त्याने कपाळावर हात मारला. "वहिनी, अगं निदान 'आई गं' तरी म्हणायचंस."

"खोटं कशाला म्हणू? तेव्हा दुखत नव्हतं."

गिरणी बंद पडली, नवरा गेला, आणि स्तोयांका बाजारात लाल गोड मिरच्या आणि त्या भाजून केलेली आयवारची चटणी विकायला बसली. पोतं स्वतः उचलायची. रडगाणं गाणाऱ्यांची तिला मनापासून चीड. शेजारच्या गाळ्यावर बायका आपापल्या साखरेचा नि रक्तदाबाचा पाढा वाचायला लागल्या की ती म्हणायची, "मिरच्या घ्यायच्यात की मयताला आलात?" गिऱ्हाईक रागवायचं, पण परत यायचं, कारण तिच्या आयवारला तोड नव्हती आणि हे तीच सगळ्यांना सांगायची.

अशा बाईच्या पोटात कॅन्सर निघाला. अंडाशयाचा, आणि कळला तेव्हाच पोटभर पसरलेला. आमच्याकडे या रोगाचं नाव घेत नाहीत, नुसतं 'ते' म्हणतात आणि आवाज खाली आणतात. स्तोयांका भर बाजारात खणखणीत आवाजात म्हणायची, "कॅन्सर झालाय मला. अर्धा किलो देऊ का एक?" बायका छातीवर क्रूस काढायच्या आणि तिला तेवढीच गंमत. ऑपरेशन झालं, केमो झाला, केस गेले, परत आले, पूर्वीपेक्षा कुरळे. वर्षभराहून जास्त ती बरी होती. मग एका तपासणीत ते पुन्हा दिसलं.

तेव्हा मात्र ती घाबरली. कुणाला बोलली नाही, पण मुलगी यागोदा तिच्याच घरात राहत होती आणि आई रात्री स्वयंपाकघरात नुसतीच बसलेली असते हे तिला दिसत होतं. स्तोयांकाला जगायचं होतं. त्यात काही मोठं कारण नव्हतं. तिला अजून कंटाळा आला नव्हता, एवढंच.

यागोदाने चौकशी करून शोधून काढलं की निश शहरातल्या मोठ्या इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, अगदी याच रोगाच्या बायकांवर. तिने तिथल्या डॉक्टर विदानोविचबाईंना फोन केला. बाई बोलायला सरळ होत्या. म्हणाल्या, "औषध लागू पडेलच असं वचन मी देत नाही, चाचणी आहे ती. आणि सगळ्यांना घेता येत नाही. रोग पुढे गेलेला हवा. पहिल्या केमोनंतर सहा महिने तरी शांत राहून मग परत आलेला हवा. गाठ स्कॅनमध्ये मोजता येईल अशी हवी. मूत्रपिंड, यकृत, रक्त ठीक हवं. आतडं कुठे अडलेलं नको. आणि बाई चालती-फिरती हवी, स्वतःचं स्वतः करणारी."

"आई आत्ता अंगणात मिरच्या भाजतेय," यागोदा म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग सोमवारी घेऊन या. जागा थोड्याच उरल्यात."

हे सगळं खरं आणि सोपं होतं. इतकं सोपं की त्या घरात ते कुणालाच खरं वाटेना. याच्यावर ब्लागोयेचा सल्ला घ्यायला हवा असं यागोदाला वाटलं, आणि इथेच पोरीची चूक झाली. पण तिला तरी काय बोलणार? या गावात जन्म काढलेल्या माणसाला पाच डॉक्टर एका टेबलामागे बसलेले दिसले की ते बोर्डच वाटतं, आणि बोर्ड म्हटलं की ब्लागोये.

तो आला, राकिया दारूचा पेला रिचवला, अटी ऐकल्या आणि दया आल्यासारखा हसला.

"चालती-फिरती हवी म्हणे. पोरी, असं सगळेच लिहितात. उगाच गर्दी होऊ नये म्हणून. तू डोकं चालव. औषध थोडं, बायका ढीगभर. देणार कुणाला?"

"ज्या अटीत बसतात त्यांना," यागोदा म्हणाली.

"जी सगळ्यात वाईट अवस्थेत आहे तिला. हे काय मला शिकवतेस? तुझी आई तिथे गेली टक टक टाचा वाजवत, गाल हे असे लाल, तर डॉक्टर म्हणणार, हिला काय धाड भरलीय? पुढची पाठवा."

"मी नाही सोंगं आणणार," स्तोयांका चुलीपाशी उभी होती, ती म्हणाली. "माझ्याकडे खरा आहे रोग. त्याला सोंग कशाला?"

"बोटंही खरीच होती वहिनी. काय झालं त्यांचं?"

स्तोयांका आपल्या चेमटलेल्या बोटांकडे बघत राहिली. त्या बोटांनी खरं सांगितलं होतं आणि त्यांना काही मिळालं नव्हतं. ब्लागोयेच्या कमरेने खोटं सांगितलं होतं आणि ती आयुष्यभर खुर्चीत बसून खात होती. याला जग म्हणतात, आणि एवढ्या उशिरा स्तोयांकाला वाटलं की जगाशी एकदा तरी जगासारखं वागून पाहावं.

"आई, एकदाच," यागोदा रडायला आली होती. "काकांचं एकही बोर्ड आजपर्यंत फुकट गेलेलं नाही."

"एकदाच," स्तोयांका म्हणाली.

सोमवारी तिला सकाळचं जेवण मिळालं नाही, कारण भुकेल्या माणसाचा चेहरा उतरतो. केस विंचरू दिले नाहीत. सप्टेंबरच्या उकाड्यात खांद्यापासून पायापर्यंत लोकरी घोंगडी गुंडाळली. शेजारच्या म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची आणली होती, तीत तिला बसवलं. खरं म्हणजे ती खुर्ची गाडीत चढवायला स्तोयांकानेच हात लावला, कारण ब्लागोयेने गल्लीत सगळ्यांदेखत कमरेवर हात ठेवला होता.

"तू बोलायचं नाहीस," गाडीत तो तिला पढवत होता. "मान एका बाजूला. कण्हायचं, पण हळू. जास्त कण्हलं की संशय येतो. बाकी मी बघतो."

त्याने बघितलं. डॉक्टर विदानोविचबाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि ब्लागोये सुटला. अन्न जात नाही. गेलं तर उलटी. आठवडाभर पोट साफ नाही, वारा सरत नाही, पोट फुगून टम्म होतं. पलंगावरून उठणं नाही, न्हाणं-धुणं सगळं मुलगी करते. बोलता बोलता त्याला स्वतःचंच खरं वाटायला लागलं आणि त्याचे डोळे भरून आले. यागोदा जमिनीकडे बघत होती. स्तोयांका मान एका बाजूला टाकून कण्हत होती, हळू, सांगितल्याप्रमाणे. आयुष्यात कधी न केलेलं काम, पण तिने जीव ओतून केलं. जे करायचं ते नीट करायचं ही तिची सवय, ती इथेही सुटली नाही.

"हे खरं आहे का, बाई?" डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं.

स्तोयांकाने डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ब्लागोयेने यागोदाला कोपराने ढोसलं. जमलं, असा त्याचा अर्थ. त्याला चेहरे वाचता येतात असा त्याचा समज होता.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं. "मला वाईट वाटतं. यांना मी घेऊ शकत नाही."

"का?" ब्लागोयेला काही कळेना. "अजून किती वाईट अवस्था हवी तुम्हाला?"

"वाईट नकोच होती. मी फोनवर सांगितलं होतं. हे औषध अंगावर येतं, ते सोसायला बाई आपल्या पायांवर उभी असावी लागते. आणि आतडं अडलेलं असेल तर ते फाटू शकतं. मी यांना औषध दिलं तर मारायला दिल्यासारखं होईल." त्या यागोदाकडे वळल्या. "तुम्ही तर म्हणाला होतात, त्या मिरच्या भाजतायत."

"पोर घाबरून खोटं बोलली, डॉक्टर," ब्लागोये म्हणाला.

त्या घराकडून तेवढं एकच खरं सांगितलं गेलं होतं, आणि त्याला या शहाण्याने खोटं ठरवलं. स्तोयांकाने डोळे उघडले. घोंगडी बाजूला टाकली. खुर्चीतून उठली आणि खिडकीपर्यंत चालत गेली, परत आली, आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपले दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"मी काल सव्वाशे किलो मिरची भाजली," ती म्हणाली. "सकाळी ही खुर्ची मीच उचलली. उलटी नाही, काही नाही. पोट तुमच्यासारखंच साफ होतं माझं. हा माझा दीर, हा गाढव आहे, आणि मी याचं ऐकलं म्हणजे मी त्याच्याहून मोठी."

डॉक्टरीणबाईंना राग यायला हवा होता, पण आला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

"बाई, या खोलीत सगळ्याच उठून उभ्या राहतात," त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं की उठतात. जिन्यावर चढून दाखवतात आणि मधेच कोसळतात. मी कुणाचं खरं मानू? मघाशी मी तुम्हालाच विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

"खोटं होतं ते."

"असेलही. मला वाटतंय तुम्ही आत्ता खरं बोलताय. पण उद्या तुमचं आतडं फाटलं तर 'मला वाटलं होतं' हे पुरणार नाही. पोट अडल्याची तक्रार लिहिली गेली की चाचणीच्या नियमाने तीन महिने थांबावं लागतं, तपासण्या कराव्या लागतात. तोवर जागा राहिली तर या. मी स्वतः फोन करेन."

परतीच्या वाटेवर लेस्कोवात्स जवळ आलं तेव्हा ब्लागोये म्हणाला, "बाई ओळखीची हवी होती. वशिला असता तर काम झालं असतं." स्तोयांकाने त्याला गाडी थांबवायला लावली आणि उरलेला रस्ता ती पायी घरी आली. तिला चालत येताना अख्ख्या गल्लीने पाहिलं. पाहायला हवं होतं त्या बाईंनी, त्या तेवढ्या निशला राहिल्या.

जागा राहिली नाही. विदानोविचबाईंनी खरोखर फोन केला आणि तेच सांगितलं. जुनाच केमो पुन्हा सुरू झाला, कुरळे केस गेले, आणि रोगाने या वेळी दाद दिली नाही. हिवाळ्यात अन्न जाईना. मग उलट्या. मग पोट फुगायला लागलं. मग पलंग. ब्लागोयेने त्या खोलीत जे जे सांगितलं होतं ते सगळं एक एक करून खरं झालं, जणू तो रोगाला वाट दाखवून आला होता. त्या औषधाने काही झालं असतं का? कदाचित काहीच नसतं झालं. ते आता कधीच कळणार नव्हतं, आणि स्तोयांकाला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. औषध घेऊन मेले असते तर मला शांत वाटलं असतं, असं ती यागोदाला म्हणाली. आणि मग, "त्याला आत येऊ देऊ नकोस."

पण दिराला दारात किती दिवस उभं करणार? वसंतात तो आला तो बातमी घेऊनच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मदतीचा भत्ता मिळतो, त्यासाठी बोर्ड घरी येऊन बघतं. त्याने अर्ज परस्पर भरला होता. ही त्याची भरपाई. त्याला दुसरी कोणती येतच नव्हती.

"या वेळी काही करायला नको, वहिनी," तो पलंगापाशी उभा राहून म्हणाला. "अशीच पडून राहा. अगदी झकास आहे."

स्तोयांका त्याच्याकडे बघून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून यागोदाही हसली, आणि तो बिचारा आपण काहीतरी बरं बोललो असं समजला.

बोर्डाचे डॉक्टर आले. म्हातारे, काडीसारखे, निवृत्तीला टेकलेले. ब्लागोयेची कंबर यांनीच पास केली होती. त्यांना दारात पाहताच त्याचा हात जागेवर गेला. डॉक्टर पलंगाशेजारी बसले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कसं आहे, बाई?"

"खिडकीपाशी बसायचंय," स्तोयांका म्हणाली. बाहेर अंगणात यागोदाने मिरचीची रोपं लावायला काढली होती. "लेक सारखी ओझं उचलून थकलीय. ब्लागोये, तू उचल मला."

ब्लागोये जागचा हलला नाही. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, पुन्हा डॉक्टरांकडे पाहिलं. तिला उचलायला त्याला काहीच लागलं नसतं, आदल्याच दिवशी त्याने मळ्यात दगड वाहिले होते. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते यागोदाने पाहिलं. पण हात कमरेवर होता तो कमरेवरच राहिला.

"माझी कंबर, वहिनी," तो म्हणाला. "तुला माहितीये."

"माहितीये."

मग त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनीच कोट काढून ठेवला आणि वाकून तिला दोन्ही हातांवर उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत नेऊन बसवलं. त्यांना धापसुद्धा लागली नाही. तिच्यात काही उरलंच नव्हतं. परत येऊन त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, भत्ता मंजूर केला, आणि स्तोयांका आयुष्यात पहिल्यांदा मेडिकल बोर्डात पास झाली.

जाताना डॉक्टर ब्लागोयेपाशी थांबले. "कंबर फारच वाईट दिसतेय तुझी."

"ओल आली की जास्त, डॉक्टर," ब्लागोये म्हणाला.

स्तोयांकाला तो भत्ता एकदाही हातात घ्यायला मिळाला नाही. रोपांना पहिली फुलं यायच्या आत ती गेली. अंगणात शवपेटी बाहेर काढली, गल्लीतले पुरुष पुढे झाले. त्या दिवशी तिथे बोर्डाचं कुणी नव्हतं. ब्लागोयेने बाह्या वर सरसावल्या आणि तोही पुढे आला. रडत होता, आणि ते रडणं खरं होतं, याबद्दल कुणी शंका घेतली नाही. तो खाली वाकला, पेटीच्या कडीला हात घालणार, एवढ्यात यागोदा त्याच्या आणि पेटीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"काका, कंबर," ती म्हणाली.

तो मागे सरला. सगळे पेटी घेऊन फाटकाबाहेर पडेपर्यंत हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. मग एक हात सवयीने आपल्या जागी गेला.